मृत्युपत्र आणि प्रोबेट

समजा, गिरगांवांत स्वकष्टानें घेतलेल्या जागेंत राहणारे एक हिंदु गृहस्थ वारले. मागें पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. मृत्युपत्र केलेलें नाहीं. "सगळें आईचेंच" असें घरांत सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा मात्र तसें म्हणत नाहीं. गृहस्थांची आई हयात नसेल, तर त्या जागेचे चार सारखे वांटे पडतात, आणि जिनें चाळीस वर्षें तेथें चूल पेटविली तिच्या वांट्याला चतुर्थांश तेवढा येतो. मुलें गुणी असलीं तर प्रश्न नाहीं. पण मुलांचीं कर्जें आणि जांवयांचे धंदे यांची नजरही पुढें त्या जागेकडे वळूं शकते.

हें टाळावयाचें तर मृत्युपत्र करावें. त्याला स्टँप लागत नाहीं. साधा कागद पुरतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें त्यावर करणाऱ्याची सही व निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक साक्षीदारानें करणाऱ्याला सही करतांना पाहिलेलें असावें, किंवा ती आपलीच असल्याचें त्याच्या तोंडून ऐकलेलें असावें, आणि स्वतःची सही त्याच्या देखत करावी. नोंदणी ऐच्छिक आहे. ती केलेली बरी, पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालें असें नव्हे. सही करणारा साक्ष द्यावयाला येऊं शकत नाहीं, हीच तर या दस्तऐवजाची मुख्य अडचण. म्हणून साक्षीदार हयात असल्यास निदान एकाला कोर्टापुढें सांगावें लागतें.

आणि आपण साक्षीला बोलावतों कोणाला? संध्याकाळीं बागेंतल्या बाकावर शेजारीं बसणाऱ्या मित्रांना! करणाऱ्याचें वय पंच्याहत्तर, साक्षीदारांचें अठ्याहत्तर. कागद उघडण्याची वेळ येते तेव्हां तिघांचीही स्वर्गांत गांठ पडलेली असते, आणि मुलांना त्यांचीं अक्षरें ओळखणारीं माणसें शोधीत फिरावें लागतें. साक्षीदार आपल्याहून तरुण असावे आणि मृत्युपत्रानें त्यांना कांहीं मिळत नसावें. घरचे डॉक्टर मिळाले तर फारच उत्तम.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापकही त्यांतच नेमावा. प्रोबेट म्हणजे न्यायालयानें शिक्क्यानिशीं दिलेली मृत्युपत्राची प्रत व त्याबरोबर या व्यवस्थापकाला दिलेला कारभाराचा अधिकार. मृत्यूनंतर सात दिवस लोटल्याशिवाय तें मिळत नाहीं. अर्ज होतो, वारसांना नोटिसा जातात. कोणी कॅव्हिएट दाखल करून हरकत घेतली कीं साध्या अर्जाचा दावा बनतो आणि मग वर्षें मोजावीं. एवढें करून प्रोबेट सांगतें काय? मृत्युपत्र खरें आहे, इतकेंच. मिळकत मुळांत मृताचीच होती कीं काय, याचा निवाडा तें करीत नाहीं.

मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांतल्या मृत्युपत्रांना, आणि तेथील स्थावर मिळकतीसंबंधींच्या मृत्युपत्रांनाही, हिंदूंच्या व पुढें पारशांच्या बाबतींत प्रोबेटाची सक्ती होती. पुणेकराला आपल्या पुण्यांतल्या वाड्यापुरती ही कटकट नव्हती. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें ही सक्ती काढून टाकली. मार्ग मात्र बंद झालेला नाहीं. भावंडांत कुरबूर दिसत असेल तर मी तरी प्रोबेट घ्या असेंच सांगेन.

नॉमिनीविषयीं एक गैरसमज फार आहे. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शेअर्सच्या बाबतींत स्पष्ट केलें कीं, नॉमिनी हा त्यांचा मालक होत नाहीं. सोसायटीच्या दप्तरींही नॉमिनीचें नांव चढलें म्हणून जागा त्याची होत नाहीं. मालकी मृत्युपत्रानें किंवा वारसा-कायद्यानें ठरते. तेव्हां आईला जागा द्यावयाची असेल, तर ती मालकीहक्कानें कीं केवळ हयातीपर्यंत, आणि पुढें कोणाला, हें मृत्युपत्रांतच लिहावें.

कागद कोठें ठेविला आहे तें व्यवस्थापकाला सांगून ठेवावें. तो बँकेच्या लॉकरमध्यें, आणि लॉकर एकट्याच्या नांवावर, नॉमिनीवांचून, असें असेल तर लॉकर कोणी उघडावा येथूनच वाद सुरू होतो.