शंकेच्या वाटेवरचा भरवसा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘विश्वास’ हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि त्या दोहोंची गल्लत झाली की भीती व शंका यांविषयीचा सगळाच विचार भरकटतो. पहिला अर्थ मान्यतेचा, म्हणजे देव आहे, येशू ख्रिस्त त्याचा पुत्र आहे, ही विधाने खरी मानण्याचा; दुसरा भरवशाचा, म्हणजे ज्याच्याविषयी ही विधाने आहेत त्याच्यावर आपला भार टाकण्याचा. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतील ‘एमुना’ हा विश्वासवाचक शब्द स्थैर्य सुचवतो आणि प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ त्याच धातूपासून आलेला आहे. पायाखालची जमीन हलत असताना पाय टेकायला जागा शोधणे हे या शब्दाच्या गाभ्याशी असल्यामुळे, जो कधी हललाच नाही त्याला तो शब्द पुरता कळणेही कठीण आहे.

बायबलनेही भक्तांची भीती झाकून ठेवलेली नाही. स्तोत्रसंहिता, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेतील १५० गीतांचा संग्रह. त्यातील सुमारे एक तृतीयांश गीते विलापस्तोत्रे म्हणून ओळखली जातात. देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी आणि शेवटी भरवशाचा उच्चार, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असली, तरी ८८वे स्तोत्र शेवटपर्यंत उजेडाकडे वळत नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. आणि तरीही ते पवित्र ग्रंथात जसेच्या तसे जपले गेले. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच दमात येशूपुढे ठेवतो, तरी त्याचा मुलगा बरा केला जातो. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू मरणाच्या सावटाखाली व्याकूळ होऊन हा प्याला टळावा अशी विनवणी करतो. या दाखल्यांवरून ख्रिस्ती शिकवणीने काढलेला निष्कर्ष असा, की शंका देवापासून लपवली तर ती माणसाला एकटे पाडते, आणि देवालाच सांगितली तर तीच प्रार्थना होते.

हा विचार मराठी मनाला परका वाटू नये, याचे कारण अकलूजसारख्या गावात दरवर्षी डोळ्यांसमोर उभे राहते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून अकलूजला येते, तेथे गोल रिंगणात अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला वारकऱ्यांची झुंबड उडते. ज्यांच्या पादुकांभोवती हा सोहळा होतो, त्या तुकोबांनी आपल्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण मांडले आहे, त्याच्या निष्ठुरपणाचा जाब विचारला आहे. परंतु ते भांडण कोणी नास्तिकपणा मानत नाही, कारण माणूस भांडतो तो ज्याला आपला मानतो त्याच्याशीच. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, त्यामागे हीच ओळख होती.

१८९३मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचल्यानंतर टिळकांना बाप्तिस्म्यापर्यंत, म्हणजे जलसंस्काराने ख्रिस्ती मंडळीत प्रवेश करण्यापर्यंत, पोहोचायला सुमारे दोन वर्षे लागली. नातेवाईक, जात आणि चरितार्थ या सगळ्यांपासून तुटण्याची भीती खरी होती. १८५०च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला असला, तरी तुटलेली पंगत कोणताही कायदा जोडून देऊ शकत नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याचा घाव सर्वांत खोल बसला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. लहानगा मुलगा दत्तू याच्यासह त्यांनी काही काळ पंढरपुरात काढला. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या तरी सोवळे-ओवळे आणि वेगळी चूल सुटली नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास कसलेही तत्त्वज्ञान न मांडता सांगितला आहे: आधी जातिभेदावरची श्रद्धा ढळली, दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायले गेले, आणि श्रद्धेचा निर्णय त्यानंतर, १९००मध्ये, झाला.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून निराळा, कारण त्यांची शंका बाप्तिस्म्यानंतरही संपली नाही. दुष्काळाने आईवडील आणि पुढे आजाराने भाऊ व पती हिरावून घेतलेल्या या विदुषीने १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे हा सिद्धांत, त्यांनी चर्चने सांगितला म्हणून स्वीकारला नाही. आपल्या मार्गदर्शक ख्रिस्ती स्त्रियांशी त्यांनी त्यावर पत्रांतून दीर्घ वाद घातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी सापडला, असे त्यांनी पुढे नमूद केले. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगावचे मुक्ती सदन, म्हणजे त्यांनी निराधारांसाठी चालवलेला आश्रम, हे त्या भरवशाचे दृश्य रूप आहे, कारण १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली आणल्या त्या पुढची तरतूद हाती येण्याची वाट न पाहता. १९२१मध्ये कन्या मनोरमा वारली आणि १९२२मध्ये रमाबाई स्वतः गेल्या. या अखेरच्या काळातही मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे काम त्यांनी सोडले नव्हते.

या चरित्रांत भीती कोणालाही चुकलेली नाही, आणि ख्रिस्ती शिकवणही ती चुकेल असे वचन देत नाही. भीतीच्या काळात कोणाला हाक मारायची एवढेच ती सांगते, आणि त्या हाकेचा खरेपणा पुढे हातून काय घडते यावरून जोखता येतो. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा त्याचा पुढचा मोठा भाग लिहिला तो लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी एकेकाळी त्याच ख्रिस्तामुळे आपला संसार मोडला म्हणून पंढरपुरात अश्रू ढाळले होते.