गैरहजर मतदाराचें मत

नागोठणें येथें अंबा नदीच्या कांठीं एक घर आहे, अशी कल्पना करावी. घरांत मतदार पांच. आजीबाई ८७ वर्षांच्या असून त्यांना जिना उतरवत नाहीं. थोरला नातू सैन्यांत असून त्याचें ठाणें सरहद्दीवर आहे. नात शाळेंत शिक्षिका आहे व निवडणूक आली कीं तिला मतदान केंद्रावरील कामाचा हुकूम येतो. मधला नातू मुंबईस एका कचेरींत नोकरीला असून सुटी मिळेल तेव्हां गांवीं येतो. धाकटा आखाती देशांत नोकरी करतो. त्याच्यापाशीं भारताचें पारपत्र आहे. मतदानाचा दिवस उजाडतो तेव्हां या पांचांपैकीं एकहि जण आपल्या नेहमींच्या केंद्रावर नसतो. परंतु कायद्याच्या दृष्टीनें पांचांची गैरहजेरी सारखी नाहीं. तिघांचें मत निराळ्या मार्गानें घेण्याची तजवीज कायद्यानें केली आहे. उरलेल्या दोघांचें मत ते स्वतः आले तरच पडतें. यादींत नांव असणें आणि मत देतां येणें या दोन निराळ्या गोष्टी कशा होतात, हें या एका घरावरून चांगलें समजतें.

प्रथम हें घर कोणत्या मतदारसंघांत पडतें तें पाहूं. नागोठणें रोहा तालुक्यांत आहे. पण विधानसभेसाठीं नागोठणें महसूल मंडळ पेण मतदारसंघास जोडलेलें आहे, आणि पेण हा रायगड लोकसभा मतदारसंघाचा एक भाग आहे. २०२४ सालीं येथें लोकसभेचें मतदान ७ मे रोजीं व विधानसभेचें २० नोव्हेंबर रोजीं झालें. मतदारयादी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तयार होते, मतदान १९५१ च्या कायद्यानुसार होतें, आणि कामकाजाचा तपशील १९६१ च्या नियमांत सांगितलेला आहे. या सर्वांचें मूळ सूत्र एकच: मतदारानें आपल्या केंद्रावर जातीनें यावें, ओळख पटवावी व आडोशामागें मत द्यावें. केंद्राबाहेरचें मत हा या सूत्रास अपवाद होय. हा अपवाद करतांना कायदा, मतदार किती दूर आहे हें विचारीत नाहीं. तो कां आला नाहीं हें विचारतो.

आजीबाईंची सोय सर्वांत नवी आहे. २०१९ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ८० वर्षांवरील वृद्ध व अपंग यांना ‘गैरहजर मतदार’ या वर्गांत घेण्यांत आलें. मार्च २०२४ मध्यें ही वयोमर्यादा ८५ करण्यांत आली. अपंग मतदारास निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. लोकसभेच्या निवडणुकींत घरीं बसून मत देण्याची ही सोय देशभर प्रथम मिळाली ती २०२४ सालीं. मात्र ती आपोआप लागू होत नाहीं, मागावी लागते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरीं येऊन नमुना १२-ड देतो. तो भरून, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोंचला पाहिजे. ही मुदत चुकली तर जिना उतरण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

अर्ज मान्य झाला म्हणजे मतदानाच्या दिवसापूर्वीं, ठरलेल्या तारखेस, मतदान अधिकाऱ्यांचें पथक पोलीस व चित्रीकरण करणारा यांसह घरीं येतें. उमेदवारांना वेळापत्रक आधीं कळविलेलें असतें, त्यामुळें त्यांचे प्रतिनिधी हजर राहूं शकतात. कामकाजाचें चित्रीकरण होतें. पण मतपत्रिकेवर खूण करतांना आडोसा असतो व मत गुप्तच राहतें. दृष्टि अधू असल्यास सज्ञान सोबत्याची मदत घेतां येते. पथक आलें तेव्हां मतदार घरीं नसला तर तें दुसऱ्यांदा येतें. तिसऱ्यांदा येत नाहीं. शिवाय एकदां ही सोय मंजूर झाल्यावर केंद्रावर जाऊन मत देतां येत नाहीं. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवाव्या, असा विचार घरच्यांनीं करूं नये.

थोरला नातू ‘सेनादल मतदार’ होय. सैन्यांतील लोक, आपल्या राज्याबाहेर कामावर असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशांतील भारत सरकारचे नोकर यांचीं नांवें मूळ गांवच्या यादींत वेगळ्या भागांत नोंदविलीं जातात. बरोबर राहणाऱ्या पत्नीसहि हाच हक्क होता. २०२१ च्या दुरुस्तीनें ‘पत्नी’ या शब्दाजागीं ‘जोडीदार’ हा अर्थ आला, म्हणून आतां स्त्री-सैनिकाचा पतीहि त्यांत येतो. पूर्वीं मतपत्रिका टपालानें जाई आणि टपालानेंच परत येई. दुर्गम ठाण्यावर तिला जाण्यायेण्यास दिवस पुरत नसत. २०१६ पासून कोरी मतपत्रिका विद्युत्-मार्गानें पाठवितां येऊं लागली. सैनिक ती छापून घेतो, खूण करतो व टपालानें परत धाडतो. सैन्यांतील मतदारास २००३ पासून दुसरीहि एक वाट आहे: त्यानें गांवांतील विश्वासू माणसास आपला मुखत्यार नेमावें. हा मुखत्यार केंद्रावर जाऊन त्याचें मत देतो. तेव्हां शाई लावतात ती डाव्या हाताच्या मधल्या बोटास.

नातीची गोष्ट चमत्कारिक आहे. ती मतदान केंद्रावरच असते, परंतु दुसऱ्यांच्या. लोकसभेच्या वेळीं तिला महाड किंवा अलिबाग येथें नेमलें तर तो भाग तिच्याच रायगड मतदारसंघांतला आहे. कामाचें प्रमाणपत्र दाखवून ती त्याच केंद्रावर मत देऊं शकते. पण पनवेल, जिल्हा तोच असूनहि, मावळ लोकसभा मतदारसंघांत मोडतें. तेथें नेमणूक झाली तर तिला टपाली मतपत्रिका मागावी लागते. पूर्वीं ही मतपत्रिका घरीं नेऊन मतमोजणीच्या सकाळपर्यंत जवळ बाळगतां येत असे. त्यांत दडपणास व आमिषास वाव राहतो, म्हणून २०२३ च्या दुरुस्तीनें अशा कर्मचाऱ्यांनीं सुविधा केंद्रावरच मत द्यावें असें ठरलें. अत्यावश्यक सेवांपैकीं ज्या सेवा आयोग त्या निवडणुकीपुरत्या जाहीर करतो, त्यांतील नोकरांसाठींहि मतदानापूर्वीं टपाली मतदान केंद्र उघडतात.

टपाली मताची सारी भिस्त दोन लिफाफ्यांवर असते. मतपत्रिका लहान लिफाफ्यांत घालावयाची. तो लिफाफा व सही केलेलें प्रतिज्ञापत्र मिळून मोठ्या लिफाफ्यांत. मोजणीच्या वेळीं आधीं प्रतिज्ञापत्र तपासतात. तें नसलें किंवा त्यावर सही नसली तर लहान लिफाफा उघडीतच नाहींत. मोजणीस आरंभ होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेला लिफाफाहि तसाच बंद राहतो. मत कोणाचें हें एका कागदावर आणि मत कोणाला हें दुसऱ्या कागदावर, व दोन्हींची गांठ पडूं नये, यासाठीं ही व्यवस्था आहे.

हीं मतें थोडीं असतात म्हणून तीं उपेक्षणीय नव्हेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघांत यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मतानें पुढें होते. टपाली मतें रवींद्र वायकर यांना १५५० व कीर्तिकर यांना १५०१ पडलीं आणि वायकर ४८ मतांनीं निवडून आले. विजयाचें अंतर बाद झालेल्या टपाली मतांहून कमी असेल तर तीं बाद मतें पुन्हां तपासलींच पाहिजेत, असा आयोगाचा दंडक आहे, तो यासाठींच.

आतां राहिले दोघे. मुंबईच्या नातवासाठीं टपाली मतपत्रिका नाहीं आणि मुखत्यारहि नाहीं. त्याच्यासारखे चाकरमानी कोंकणांत घरोघर आहेत. तरी त्यांची गैरहजेरी कायद्याच्या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. कायदा म्हणतो, जो जेथें सामान्यतः राहतो त्यानें तेथें नांव नोंदवावें. तात्पुरता बाहेरगांवीं गेला एवढ्यानें कोणाचा रहिवास मोडत नाहीं. उलट गांवीं केवळ मालकीचें घर आहे एवढ्यानें रहिवास ठरतहि नाहीं. दोन ठिकाणीं नांव ठेवण्यास मनाई आहे, आणि खोटें निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. २०२४ च्या लोकसभेस रायगडांत ७ मे रोजीं व मुंबईंत २० मे रोजीं मतदान होतें. म्हणजे याच्या गांवीं मतदान असतां मुंबईच्या कचेऱ्या चालू होत्या. त्यावर उपाय म्हणून कायद्यांत १९९६ पासून मतदानाच्या दिवशीं पगारी सुटीचा हक्क आहे, पण हक्क मोडणाऱ्या मालकास दंड फार तर ५०० रुपये. परगांवच्या मतदारांसाठीं एकाच ठिकाणीं ७२ मतदारसंघांचीं मतें घेणारें यंत्र आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें जाहीर केलें व १६ जानेवारी २०२३ रोजीं राजकीय पक्षांपुढें मांडलें. परंतु अनेक पक्षांनीं शंका घेतल्या व तें अंमलांत आलें नाहीं.

धाकट्याचीहि तीच गत आहे. २०१० च्या दुरुस्तीनें परदेशस्थ भारतीयास नमुना ६-अ भरून पारपत्रांतील पत्त्यावर नांव नोंदवितां येतें. मात्र मत देण्यास मूळ पारपत्र घेऊन नागोठण्याच्या केंद्रावर यावें लागतें. त्याला मुखत्यारामार्फत मत देऊं देणारें विधेयक २०१८ सालीं लोकसभेंत मंजूर झालें, पण राज्यसभेंत मंजूर होण्यापूर्वींच तें रद्दबातल झालें.

केंद्राबाहेर गेलेलें मत दडपणापासून राखणें कठीण, ही कायद्याची भीति खोटी नाहीं. पण पोट भरण्यासाठीं गांव सोडणाऱ्याची गैरहजेरी सैनिकाच्या गैरहजेरीहून हलकी कां मानावी, या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें अद्याप दिलेलें नाहीं. तें मिळेपर्यंत अशा मतदारास दोनच मार्ग मोकळे आहेत. राहणें खरोखर मुंबईंत असेल तर नमुना ८ भरून नांव तेथें न्यावें. गांवचाच रहिवास खरा असेल तर त्या दिवसाची रजा आधींच मागून ठेवावी. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादींत फेरफार होत नाहीं. म्हणून हा निर्णय निवडणुकीचे पडघम वाजूं लागण्यापूर्वींच, घरांत सर्व जण एकत्र असतील अशा एखाद्या दिवशीं, होऊन गेलेला बरा.