तीव्र विषाणुजन्य रोगांत रक्तवाहिन्यांचे संरक्षण

रक्तवाहिनी म्हणजे केवळ रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. तिच्या आतील पृष्ठभागावर पेशींचा एकेरी थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. निरोगी अवस्थेत हा थर नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये निर्माण करून बिंबिकांना परस्परांस चिकटू देत नाही. दाहाने तो क्षत झाला म्हणजे मात्र त्याचे कार्य उलटते व रक्तक्लथनास चालना मिळते. क्लथनात उत्पन्न होणारे थ्राँबिन पुन्हा दाह वाढविते. दाह व क्लथन ही अशा रीतीने परस्परांची पोषक होत.

कोविड-१९ या रोगात याचा ठळक प्रत्यय आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडने व इन्फ्ल्यूएंझाने मृत्यू पावलेल्या प्रत्येकी ७ रुग्णांच्या फुप्फुसांची तुलना केली होती. कोविडच्या गटात वायुकोशांभोवतालच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या ९ पट आढळल्या.

तेव्हा क्लथनरोधक हेपारिन जितके अधिक, तितके संरक्षण अधिक, असे अनुमान सहज निघते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचण्यांत ते अंशतःच खरे ठरले. रुग्णालयात असलेल्या, परंतु अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांना नेहमीच्या प्रतिबंधक मात्रेऐवजी पूर्ण उपचारमात्रा दिली असता, श्वसन वा रक्ताभिसरण यांस कृत्रिम आधार न लागता बचावणाऱ्यांचे प्रमाण ७६.४ टक्क्यांऐवजी ८०.२ टक्के आढळले. गंभीर रक्तस्राव मात्र ०.९ टक्क्याऐवजी १.९ टक्के रुग्णांत झाला. अत्यवस्थ रुग्णांत त्याच मात्रेचा लाभ दिसला नाही. एकदा केशवाहिन्या गुठळ्यांनी भरल्या व अंतःस्तराची हानी झाली, की नवे क्लथन रोखणे पुरेसे होत नसावे.

दाहशामक डेक्सामेथासोनचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. २०२० सालच्या ब्रिटिश चाचणीत कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांस काहीच लाभ झाला नाही.

यावरून औषधाइकेच त्याच्या वेळेस महत्त्व आहे, हे स्पष्ट होते. शिवाय एका रोगाचा क्रम दुसऱ्यास लावता येत नाही. डेंग्यूतही अंतःस्तरच बाधित होतो. परंतु तेथे केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो व बिंबिका घटतात. म्हणून त्या रोगात ॲस्पिरिन वर्ज्य मानतात आणि मोजून दिलेला द्रवपुरवठा हाच मुख्य उपचार ठरतो. अंतःस्तराची कोणती विकृती कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरविणे ही संरक्षणाची पहिली पायरी होय.