जहाजावरची माणसं जखमी कशाने होतात? वादळाने नाही, बहुतेक वेळा!

गेल्या भागात आपण कंटेनरवर बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की डब्यांचं सगळं सांगितलंस, त्या डब्यांबरोबर जाणाऱ्या माणसांचं काय? तर आज तेच. आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला, जहाजावर नोकरी केलेली नाही. पण माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात डेक कॅडेट म्हणून चढतोय. पहिलंच जहाज. मावशीने मला विचारलं, "तिथे नेमका धोका कशाचा असतो रे?" तिच्या डोक्यात वादळ होतं. आपल्या सगळ्यांच्याच असतं. म्हणून मी अपघातांचे चौकशी अहवाल वाचायला घेतले. ब्रिटनची एमएआयबी नावाची तपास यंत्रणा असे अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवते. आमच्याकडे सर्व्हर पडल्यावर पोस्टमॉर्टेम लिहितात ना, तसंच असतं ते. कोणाला फासावर चढवायचं नाही, काय कसं घडत गेलं ते क्रमाने लिहायचं.

साध्या गोष्टी पटकन उरकतो. तेलकट डेकवर घसरणं, शिडीवरून पडणं, इंजिन रूममध्ये भाजणं, बोटं कशात तरी अडकणं. यावर उपायही तुम्हाला सुचतील तेच: रेलिंग, बूट, हातमोजे, उंचीवर काम करताना हार्नेस, मशीन उघडण्याआधी तिची वीज तोडून तिथे कुलूप आणि पाटी लावणं. कारखान्यात काम केलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

नवीन आहे ते पुढचं. जहाजावर हवाच माणसाला मारते.

२६ मे २०१४. इंग्लंडमधलं गूल बंदर. सुंटिस नावाचं छोटं मालवाहू जहाज, माल म्हणजे कापलेलं लाकूड. विष नाही, रसायन नाही, फळ्या! होल्डमध्ये उतरायला पुढच्या बाजूला एक अरुंद खोली होती, खाली शिडी. सकाळी तिथे तीन खलाशी बेशुद्ध सापडले. तिघेही वाचले नाहीत. नंतर हवा मोजली तेव्हा वर डेकपाशी ऑक्सिजन नेहमीसारखा होता, आणि शिडीच्या तळाशी फक्त ५ ते ६ टक्के.

आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. बंद जागेत लाकूड तो हळूहळू खातं. कोळसा खातो, भंगार लोखंड खातं. एवढंच काय, रिकामी लोखंडी टाकीसुद्धा खाते, कारण गंजणं म्हणजे लोखंडाने ऑक्सिजन ओढून घेणंच आहे. नांगराची साखळी ठेवायची कोठी, ज्याला चेन लॉकर म्हणतात, तिथे ओली साखळी गंजत पडलेली असते. दार महिनाभर बंद. आत काहीच नाही, म्हणून तर माणूस बिनधास्त उतरतो.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. आपल्याला गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला याची शरीर धड घंटाच वाजवत नाही. वास नाही, खोकला नाही. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये काही श्वासांतच माणूस कोसळतो, "काहीतरी गडबड आहे" असं म्हणायलाही वेळ मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टम बंद पडते आणि लॉगमध्ये एकही एरर नसतो.

मग वरचा माणूस खाली बघतो. मित्र पडलाय. चक्कर आली असेल, पाय घसरला असेल. तो धावत उतरतो, आणि तोही पडतो. बंद जागेच्या अपघातांत एकामागोमाग मृत्यू होतात ते यामुळे. दुसरा जातो तो निष्काळजीपणाने नाही, चांगुलपणाने. मला हे वाचताना सर्वांत जास्त त्रास झाला, कारण आमचा हा भाऊ अगदी तसाच आहे. विहिरीत कुत्रं पडलं तरी आधी उडी मारणारा.

म्हणून नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. आधी भरपूर वेळ हवा खेळवायची. मग गॅस मीटरने वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं, तेही नळी सोडून बाहेरून. परवानगीचा कागद भरायचा. दारात एक माणूस रेडिओ घेऊन उभा. आतला पडला तर त्याने अलार्म द्यायचा, स्वतः आत जायचं नाही. सुटकेसाठी जाणाऱ्याने पाठीवर हवेच्या सिलिंडरचा पूर्ण सेट घालूनच जायचं. नाकावरचा फिल्टर मास्क इथे निरुपयोगी, कारण नसलेला ऑक्सिजन तो आणणार कुठून? आणि पळून जाण्यासाठी ठेवलेला छोटा श्वसनसंच असतो, तो साधारण १० मिनिटांचा, बाहेर पडण्यासाठी. आत शिरण्यासाठी नव्हे. १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी या सुटकेचा सराव करणं सोलास कराराने बंधनकारक केलंय, आणि १ जुलै २०१६ पासून जहाजावर हवा मोजायचं उपकरण ठेवणंही. २०१६, मंडळी! थोडं उशिराच झालं, असं माझं मत.

दुसरा मोठा विषय दोरखंडांचा. जहाज धक्क्याला बांधतात त्याला मुरिंग म्हणतात. हजारो टनांचं जहाज ओढ घेतं आणि दोर ताणला जातो. ताणलेला दोर म्हणजे गलोल. तुटला की टोक मागे फटकारतं, आणि माणूस बाजूला व्हायच्या आत सगळं संपलेलं असतं. मार्च २०१५ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला झार्गा या गॅसवाहू जहाजावर असंच झालं. अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. गंमत नव्हे, दुर्दैव असं की तो दोर आधुनिक होता, फारसा न ताणणारा, म्हणून तो फटकारणार नाही असा समज. पण त्याला जोडलेलं शेपूट लवचिक होतं, आणि ताकद तिथे साठत होती.

पूर्वी डेकवर रंगाने पट्टे मारून दाखवायचे, इथे उभं राहू नका. त्याने उलटाच भरवसा बसतो, की पट्ट्याबाहेर आपण सुरक्षित. आता सल्ला असा की दोर ताणलेला असताना मुरिंगची अख्खी जागाच धोक्याची धरा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, हे तर सारंग पहिल्या दिवशीच ओरडून सांगतो.

शेवटचं कारण दिसत नाही: झोप. एमएलसी कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी. ते १० तास दोनच तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. कागदावर मस्त. पण वर्ल्ड मरीटाईम युनिव्हर्सिटीच्या २०२० च्या अभ्यासात दिसलं की या नोंदी सर्रास "जुळवल्या" जातात. माणसं कमी, बंदरं लागोपाठ, तपासणी सतत. मग तास भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल खूण आली की माणूस झोप वाढवत नाही, आकडा बदलतो आणि खूण हिरवी करतो. हे वाचून मला आमच्याच टाइमशीट आठवल्या. फरक एवढाच की आमच्याकडे झोपाळलेला माणूस फार तर चुकीचा कोड टाकतो. तिथे तोच माणूस तासाभराने गॅस मीटर हातात घेऊन टाकीच्या तोंडाशी उभा असतो.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. भावाला सांगितलं. तो म्हणाला, कोर्समध्ये शिकवलंय सगळं. मग मी विचारलं, कॅप्टनने घाई केली आणि मीटर मोजायच्या आधीच उतर म्हणाला, तर? तो गप्प बसला. त्याला सांगितलं, "सर, आधी मीटर वाचतो" हे वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत पाठ करून जा.

पायलट शिडीचं राहिलं. ते पुढच्या भागात घेऊ, कारण ९ मीटरच्या मर्यादेचं गणित दोन मिनिटांत उरकणारं नाही. जहाजावर काम करणारे कोणी ऐकत असाल तर जरूर लिहा, तुमच्या जहाजावर दर दोन महिन्यांचा सराव खरंच होतो का, की नुसता फोटो निघतो?