सव्वीस जुलै आणि बायकांचा डबा

आपत्तीवरच्या कादंबरीचं जुनं दुखणं म्हणजे योगायोग. एकमेकींना कधी न पाहिलेल्या चार बायका पुराच्या रात्री नेमक्या एकाच छपराखाली कशा जमल्या, हे पटवून देताना लेखकाची दमछाक होते आणि वाचक त्याआधीच कंटाळतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे दुखणं उद्भवतच नाही. म्हणून 26 जुलै 2005 च्या पुरावरची, बायकांना मध्यभागी ठेवणारी ऐतिहासिक कादंबरी याच पट्ट्यातून यायला हवी, असं माझं म्हणणं आहे. इथे बायकांना एकत्र आणण्याचं काम लोकलचं वेळापत्रक रोजच करतं. डोंबिवलीची बँकेतली कारकून, बदलापूरहून येणारी नर्स, उल्हासनगरची शिवणकाम करणारी, ठाण्याची शिक्षिका: एरवी एकमेकींच्या घरची पायरी न चढणाऱ्या या बायका वर्षानुवर्षं एकाच गाडीच्या बायकांच्या डब्यात, ठरलेल्या दारातून चढतात. तिथे भाजी निवडली जाते, भिशी लागते, हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही होतं. बसायला मिळावं म्हणून डोंबिवलीच्या बायका आधी उलट कल्याणला जातात आणि तिथून सुटणारी गाडी धरतात. मग तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून भांडणं होतात, ती कोण कुठे उतरणार यावर मिटतात. ओळख असते ती नावाची, स्टेशनाची आणि गाडीच्या वेळेची. आडनाव आणि पत्ता बहुधा कुणी विचारत नाही. शिवाय या जगाला आतल्या भिंतीही आहेत. पहिल्या वर्गाच्या बायका जाळीपलीकडे असतात, टिकल्या-पिना विकणाऱ्या दारापाशी आणि पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी मालडब्यात. 1992 साली मुंबईत महिला विशेष लोकल सुरू झाल्यावर तर या जगाला अख्खी गाडीच मिळाली. सरदार-दरकदारांच्या वाड्यातल्या दालनांवर आपल्या ऐतिहासिक कादंबरीने इतकी शाई खर्च केली, त्यातली थोडी या डब्याच्या वाट्याला यायला हरकत नव्हती.

पुराची हकिगत थोडक्यात सांगायची तर, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम 74. वीज गेली, मोबाइल मुके झाले, लोकल जागच्या जागी थांबल्या. इकडे उल्हास आणि वालधुनी या नद्या पात्राबाहेर पडल्या आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की, कुलाब्याजवळच्या फोर्टातल्या कचेरीत खिडकीबाहेरचा पाऊस रोजच्यासारखाच होता. घरी पाणी शिरलंय, हे तिथे बसलेल्या बाईला कळायला काही मार्ग नव्हता.

यावर कुणी म्हणेल, पुरात सगळे सारखेच, मग डब्यातल्या भिंतींचं एवढं काय? पाण्याने सगळ्यांना एका पातळीवर आणलं, हे वाक्य मला मुळातच खोटं वाटतं. रुळांतल्या खडीवरून पाण्यात पाय चाचपत सगळ्याच चालल्या, हे खरं. पण ती समानता घराच्या दारापर्यंतच टिकते. तिसऱ्या मजल्यावरची बाई पंखा सुरू होण्याची वाट बघते, वालधुनीकाठची पिठाचा डबा शोधते. उल्हासनगरची गोष्ट तर आणखी खोल जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. दहाव्या वर्षी कॅम्पात आलेली मुलगी 2005 मध्ये सत्तरीकडे झुकलेली असणार. घर सोडून निघताना आधी काय उचलायचं, हे तिला शेजारणीपेक्षा निराळं ठाऊक असणार. ऐतिहासिक कादंबरीला लागणारी खोली इथे आयती आहे.

दुसरा आक्षेप असा की कागदपत्रं असताना कल्पित कशाला? कारण कागदपत्रांत या बायका नाहीत. या पुराची कारणं तपासणाऱ्या माधवराव चितळे समितीचा भर मुंबईवर आणि मिठी नदीवर होता. ‘तुम मिले’ या 2009 च्या हिंदी चित्रपटातला पूरही मुंबईतच घुटमळला. पंचनामा साधारणपणे कुटुंबप्रमुखाच्या नावाने व्हायचा आणि तो प्रमुख बहुधा पुरुष असायचा. शिधापत्रिकेसाठी घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानायची, हे कायद्यात आलं ते 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने. रात्रभर कुणी कुणाचं मूल मांडीवर घेतलं, याचा पंचनामा नसतोच. तिथे कादंबरीकाराला तर्क चालवावा लागेल. मात्र भरती-ओहोटी आणि रुळांचा चढउतार त्याने मोडू नये.

राहिला काळाचा प्रश्न. वॉल्टर स्कॉटने 1814 मध्ये स्कॉटलंडमधल्या 1745 च्या बंडावर ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध केली आणि साठ वर्षांचं अंतर उपशीर्षकातच घातलं. तो हिशेब धरला, तर आपल्याला 2065 पर्यंत थांबावं लागेल आणि तोवर सांगणाऱ्या बहुतेकजणी गेलेल्या असतील. उलट झोरा नील हर्स्टनने 1928 च्या फ्लोरिडातल्या वादळाला 1937 मध्येच एका काळ्या स्त्रीच्या कथेत आणलं. ती ऐतिहासिक कादंबरी नव्हे, हे मान्य. पण जवळच्या काळाने तिचं काही बिघडलं नाही. शिवाय 2005 आपल्याला वाटतं तितकं जवळही नाही. जांभळ्या-पांढऱ्या लोकल 2007 मध्ये आल्या. सीएसटीचं सीएसएमटी व्हायला 2017 उजाडलं. 2005 मध्ये घरचा फोन लागतो का, हे बघायला लोक पीसीओसमोर रांग लावत. आजची लोकल डोळ्यांपुढे ठेवून कुणी हा प्रसंग लिहिला, तर पहिल्याच प्रकरणात कल्याणच्या वाचक बायका त्याला धरतील.