पांझरेच्या काठी शेतीचे एक वर्ष

धुळे शहरातून पांझरा ओलांडली की उत्तर तीरावर देवपूर लागते. आज तेथे वसाहती, शाळा व महाविद्यालये आहेत. मात्र तेथून नदीच्या वरच्या अंगाला, साक्रीच्या दिशेने गेल्यास पांझरेवर जुने दगडी बंधारे आढळतात. या बंधाऱ्यांच्या पाण्यावर दोन-चार एकरांचे कुटुंब वर्ष कसे काढीत असे, हे पाहिल्यावाचून खानदेशातील फड पद्धतीचे मर्म ध्यानात येत नाही.

बंधाऱ्याखालील गावाची भिजणारी जमीन सामान्यतः तीन किंवा चार फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. कोणत्या फडात काय लावावयाचे, ते गावचे पंच ठरवीत. लहान खातेदाराची जमीन एका ठिकाणी नसून तिचे तुकडे बहुधा निरनिराळ्या फडांत असत. जमीन एकत्रीकरणाच्या दृष्टीने हा दोष वाटेल. येथे तोच आधार होता. पाणी अपुरे पडून एखादा फड पडीत ठेवावा लागला, तर मोठ्याबरोबर लहानाचेही नुकसान होई, पण त्याचे सर्वस्व बुडत नसे.

वर्षाचा आरंभ अक्षय तृतीयेस, म्हणजेच आखाजीस होई. सासुरवाशिणी माहेरी येत, झाडांना झोके बांधले जात आणि सालदाराचे जुने साल संपून नवे ठरे. लहान कुटुंबास सालदार परवडत नसे. घरची माणसे राबत आणि बैल एकच असल्यास शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवून वखरणी उरकली जाई. पाटातील गाळ काढण्यास ज्याने-त्याने आपल्या जमिनीच्या मानाने माणसे द्यावयाची, हा दंडक होता. मृगानंतर बाजरी व भुईमुगाची पेरणी, मग निंदणी-कोळपणी. श्रावणात कानबाई आणि महिन्याच्या अखेरीस पोळा, एवढीच काय ती उसंत. दिवाळीच्या आगेमागे गव्हासाठी रान तयार होई.

याच काळात पाटकऱ्याचे महत्त्व कळे. फडाला पाणी तो भरी. मालकाने रात्री बांधावर उभे राहण्याची गरज नसे. पिकाची राखण जागल्या करी. दोघांचा मेहनताना पुष्कळदा खळ्यावर धान्यरूपाने चुकविला जाई. त्यामुळे घरातील कर्त्या माणसाला इतरत्र मजुरीस जाता येई; लहान शेतकऱ्याला हा लाभ उत्पन्नाहून कमी मोलाचा नव्हता.

पांझरेच्या पाटांची दखल सरकारलाही घ्यावी लागे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांत पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम होते.

पुढे नदीच्या वरच्या भागात धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप आले. ज्याला स्वतःचे पाणी मिळाले, त्याला फडाचे पीक व पंचांचा शब्द बांधून ठेवीना. अनेक ठिकाणी पाटाच्या सफाईस माणसे जमेनाशी झाली. याची झळ विहीर नसलेल्यास प्रथम लागली.

महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यात पाणीवापर संस्थेला पाणी घनमापाने मोजून द्यावयाचे आहे. फडात मोजमाप नव्हते. प्रथम पीक ठरे, मग पाणी. संस्था स्थापन करताना टंचाईच्या वर्षी कोणाचे रान कोरडे राहणार, हे कागदावर आधी ठरविणे त्यामुळेच अगत्याचे ठरते. पांझरेकाठच्या पंचांना त्याचा निर्णय पेरणीपूर्वी करावा लागे.