दाखल-खारीज

2024 च्या जुलै महिन्यात, 13 मे रोजी लोकसभेच्या मतदानासाठी लावलेल्या शाईची रेघ कित्येकांच्या नखांवर अजून शिल्लक असताना, पुण्याच्या वाघोलीत आणखी एक निवडणूक झाली. पण तिला ना आचारसंहिता होती, ना भोंगा, ना फलक, आणि कुठल्याही वर्तमानपत्राने तिची वार्ता छापली नाही. नगर रस्त्याच्या गदारोळापासून थोड्या आत असलेल्या एका सरकारी मराठी शाळेत, तिसरीच्या मुलांसाठी बनविलेल्या ठेंगण्या बाकांवर गुडघे आवळून बसलेले साठ-सत्तर पालक शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद निवडण्यासाठी जमले होते, आणि मागच्या खिडकीपाशी एक स्टूल ओढून मी तो सारा कारभार पाहत होतो.

मतदारयादी म्हणून टेबलावर जे बाड ठेवले होते ते शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, आणि शेवटच्या रकान्यांत, यथाकाल भरायचे, शाळा सोडल्याची तारीख व कारण. अन्यत्र माणूस वयाने आणि वास्तव्याने मतदार होतो. येथे त्याला तो हक्क केवळ अपत्यामुळे मिळतो, आणि म्हणूनच मुख्याध्यापक हजेरी घेताना कोणाचेही स्वतःचे नाव न उच्चारता, ‘‘चौथीतल्या जुळ्यांच्या आई आल्या का?’’ असे विचारीत होते आणि त्या आई पदर सावरीत ‘‘आले सर’’ म्हणत होत्या.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातील 21 व्या कलमाने ही समिती प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेवर बंधनकारक केली. तिच्यातील निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, ही तिची मुख्य अट. महाराष्ट्रात समिती 12 ते 16 जणांची असते, तिची मुदत 2 वर्षांची, अध्यक्ष पालकांतला आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. अधिकार मोठा नाही, पण नुसता नावाचाही नाही: शाळेच्या अनुदानाचे पैसे बँकेतून काढावयाचे तर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोन सह्या लागतात, आणि पोषण आहाराची खिचडी मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी कोणीतरी ती चाखून चव नोंदवहीत सही करावी लागते.

फळ्यावर इयत्तावार रकाने आखले गेले. ज्याचे नाव सुचविले जाई ते खडूने लिहिले जाई, शिक्षक हात वर करावयास सांगत, आणि बाकांमधून फिरत मोठ्याने मोजत. उत्साहाच्या भरात कोणी दोन्ही हात उंचावले की ‘‘ताई, एकच हात!’’ असा पुकारा होई आणि वर्गात हशा पिके. स्त्रियांची नावे पिवळ्या खडूने लिहिली होती, जेणेकरून निम्म्याची अट पुरी झाली की नाही हे दुरूनही दिसावे. समितीतल्या स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वा महापालिकेच्या, सभासदाच्या रकान्यात मात्र आडवी रेघ ओढलेली होती. जून 2021 अखेर वाघोलीसह 23 गावे पुणे महानगरपालिकेत विलीन झाली, ग्रामपंचायत गेली; आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांचीही मुदत सरली, ती निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लांबणार होती. नगर रस्त्यावर मनोऱ्यांमागून मनोरे चढत असताना या लोकवस्तीला स्वतःचा म्हणावा असा एकही स्थानिक लोकप्रतिनिधी नव्हता. खडूने लिहिलेली ही नावे तेवढी तिने निवडलेली होती.

शाळेच्या कारभारात कोणाला बोलण्याचा हक्क असावा, हा प्रश्न या प्रांताला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यातील मुख्य तक्रारच अशी होती की सारा भरते रयत, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ उचलतात वरचे वर्ग. पुढे 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, परंतु मताचा हक्क मिळकतदार, प्रतिष्ठित मंडळींच्याच पदरात राहिला. 1923 आणि 1947 च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यांनी स्कूल बोर्डे उभी राहिली. तीही पालकांची नव्हेत. पुण्यात महापालिकेचे शिक्षण मंडळ नगरसेवक निवडीत, आणि त्या जागांसाठी पक्षोपपक्षांत जी ओढाताण होई ती जुन्या पुणेकरांना विस्मरणात टाकता येणार नाही. जिल्ह्याची स्कूल बोर्डे 1962 साली जिल्हा परिषदांत विलीन झाली आणि शहरांतील मंडळे बरखास्त करण्याचा निर्णय 2013 मध्ये झाला. या साऱ्या मंडळांत ज्याचे मूल त्या बाकावर बसते त्याला, निव्वळ तेवढ्याच पात्रतेवर, कोणी खुर्ची दिली नव्हती.

मावळत्या समितीच्या अध्यक्ष असलेल्या बाई माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. त्यांचे यजमान खाणीवर, खडीमशीनवर कामाला. वीसेक वर्षांपूर्वी मराठवाड्यातून कुटुंब येथे आले. त्यांचा निवडणुकीचा इतिहास शाळेच्या प्रोसिडिंगांत सापडतो, तो मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहिला. 2017 च्या पानावर प्रथम यजमानांचे नाव लिहून मग ते खोडलेले आहे, आणि समासात, अरुंद अक्षरांत, बाईंचे. स्त्रियांची संख्या कमी पडली म्हणून ऐनवेळी केलेली ही दुरुस्ती. 2019 मध्ये त्या स्वतः उभ्या राहिल्या, दुसऱ्या एका आईइतकेच हात त्यांना पडले, तेव्हा खडूच्या रिकाम्या डबीत दोन चिठ्ठ्या टाकून पहिलीतल्या एका मुलाकडून त्यांतली एक उचलविली गेली. तिसरी निवड कोरोनामुळे लांबून मार्च 2022 मध्ये झाली. तीत त्या बिनविरोध आल्या आणि अध्यक्ष झाल्या. समासातून पानाच्या शिरोभागी येण्यास त्यांना पाच वर्षे लागली.

या खेपेसही सातवीच्या रकान्यासाठी त्यांचेच नाव पुकारले गेले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘नको सर. धाकटी एप्रिलात दाखला घेऊन जाणार. मग मधेच जागा रिकामी कशाला ठेवायची?’’

कोणी आग्रह केला नाही, कारण हिशेब सर्वांनाच ठाऊक होता. आमदाराची मुदत राज्यघटना ठरविते. या पदाची मुदत एक मूल ठरविते, आणि ते मूल मोठे झाले की अविश्वासाचा ठराव न आणताही खुर्ची सुटते. बाईंनी शेजारी बसलेल्या, तान्हे कडेवर घेतलेल्या एका तरुण आईचे नाव सुचविले. तिचा थोरला दुसरीत होता. हात वर झाले, मोजले गेले, आणि प्रोसिडिंगात बाईंचे नाव या वेळी ‘सूचक’ म्हणून लागले. टेबलावरच्या रजिस्टरात त्यांच्या मुलीच्या ओळीचे शेवटचे रकाने अजून कोरे होते.

इतक्यात स्वयंपाकघरातून मावशींनी खिचडी तयार झाल्याचे सांगितले. बाई सवयीने उठल्या, दोन पावले गेल्या, थांबल्या आणि परत येऊन बसल्या. त्या तरुण आईच्या कडेवरचे मूल त्यांनी आपल्याकडे घेतले व हळूच म्हणाल्या, ‘‘जा, आता तुम्ही. मीठ आधी बघा. तिखट मुलं सांगतात, मिठाचं सांगत नाहीत.’’